दोन बोटांची ढील

सत्तावीस वर्षांची गाडी, चारही चाकांना ओढ असलेली.
मागं पत्र्याची खोली: एक बाज, एक स्टो,
आणि पितळी सूर ठेवायचे अठ्ठेचाळीस खण.
मी हार्मोनियम दुरुस्त करतो. रिवण, नेत्रावळी, वेर्ले,
जिथं भजनाची पेटी दमली असेल
तिथं देवळामागं गाडी लावतो
आणि पेटीचं पोट उघडं टाकून तिच्याशेजारी झोपतो.

गेल्या चवथीपासून गाडी भटकायला लागली.
स्टेअरिंग सरळ, नाक मात्र बांधाकडं.
ब्रेक दाबला की डावीकडं मान टाकायची.
साठच्या वर पुढच्या उजव्या चाकातून काळी दोन लागायची,
किंचित चढी.
आणि वेर्ल्याच्या चढाला, तिसऱ्या वळणावर,
पुढची ओढ टाकली की दांडा आपसूक सुटायचा,
झोपेत हात सुटावा तसा.

कुडचड्याला सांतान फुर्तादोचं गॅरेज.
खाणी चालू होत्या तेव्हा रात्री दोनलाही
त्याच्या दारात ट्रकांची रांग असे.
आता एक स्कूटर, दोन कोंबड्या, आणि मी.
म्हटलं, काळी दोन वाजते.
तो म्हणाला, "कितें?"
मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हबला टेकवलं, मूठ कानाला,
शाणू वेळीपला म्हणाला, फिरव चाक,
आणि डोळे मिटले.
मी मिटतो तसेच.
"बेअरिंग."
म्हटलं, तेच म्हणतोय मी.

नऊ दिवस.
पाटे उतरवले तर त्यातलं तिसरं पान मोडलेलं, कधीचं कोण जाणे.
बुशांच्या जागी रबराचा काळा भुगा.
दोन पावसाळे मी बॅटरीला शिव्या घातल्या,
दोष निघाला अर्थच्या एका वायरीचा:
बोल्टाखाली गंजाचं हिरवं फूल.
शाणूनं पॉलिशपेपरनं ते घासून टाकलं, शीळ घालत, बेसूर.
होज बदलले, फॅनबेल्ट बदलला.
"उद्या तुटणार ते आज काढ," सांतान म्हणाला,
"पण फेकू नको. सीटखाली ठेव.
घाटात जुनंच कामाला येतं."

मग तो लांब जाऊन उभा राहिला, गाडीकडं बघत, कमरेवर हात.
"सायबा, हें माथ्यार कितें?"

माथ्यावर दीडशे लिटर पाणी.
आणि पेटाऱ्यात अकरा मेलेल्या पेट्या,
सुट्या भागांसाठी म्हणून जपलेल्या,
त्यात एक दामू केंकऱ्याची.
दामू आणि मी बावीस वर्षं एकाच बाकावर बसून सूर घासले,
मग एका देवळाच्या बिलावरून बोलणं थांबलं,
मग तो गेला.
"पाणी खाली घेऊ, दोन अॅक्सलांच्या मधी," सांतान म्हणाला.
"मेलेल्यांचं तू बघ."

दोन रात्री बघितलं.
दहा पेट्यांचे सूर काढून खणांत लावले,
लाकूड सांतानच्या कोंबड्यांना.
दामूची नाही उघडली.
ती सीटखाली गेली,
जुन्या फॅनबेल्टला टेकून.

शेवटच्या दिवशी मी हट्ट धरला, स्टेअरिंगमधला खेळ पार काढ.
त्यानं स्क्रू पाव फेरा आवळला आणि पाना पुसून ठेवला.
"दोन बोटां ढील उरूं दी.
ना जाल्यार दर एक फातर हातांत येतलो."
वाद घालणार होतो.
मग आठवलं, पट्टीला मीही केसभर मोकळीक ठेवतो,
नाहीतर आषाढात बसलेली पट्टी उठत नाही.
दामू ती ठेवत नसे.
त्याच्या पेट्या पहिलं वर्ष माझ्यापेक्षा गोड वाजायच्या.

वेर्ल्याचा चढ. पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्याला डावा हात दांड्यावर, सवयीनं.
दांडा जागेवर.
गाडी वर चढली, भार पोटात घेऊन, न डोलता,
आणि काळी दोन गेल्यामुळे झालेल्या शांततेत
मला मागून कुठून तरी एक बारीक आवाज ऐकू आला,
इतके दिवस तिच्याआड दडलेला.
पांढरी पाच असावी.
थांबलो नाही. वर पेटी वाट बघत होती.
उतरताना सांतानला विचारीन.